कळपासाठी तरुण वळू निवडताना काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं

वळू बघायला गेलेला माणूस आधी तोंड बघतो, मग शिंगं, मग छाती आणि वशिंड. जनावर उभं छान दिसलं, रंग जातीला शोभणारा असला की मनातल्या मनात सौदा निम्मा झालेला असतो. वळूचं जे खरं काम आहे त्याच्याशी यातल्या फारच थोड्या गोष्टींचा संबंध असतो. त्याची आई किती वेतं टिकली, वृषण केवढे आहेत, मागचे पाय कसे पडतात आणि तो सोबत कुठला रोग घेऊन येतोय, हे प्रश्न सहसा पैसे मोजून झाल्यावर सुचतात.

माझा आग्रह क्रमाचा आहे. फुकट कळणाऱ्या गोष्टींवर आधी बाद करायचं आणि खर्चाच्या तपासण्या शेवटी उरलेल्या एकदोन खोंडांवरच करायच्या. म्हणजे आधी नोंदवही, मग लांबून नजर, मग टेप, मग डॉक्टर, मग प्रयोगशाळा. प्रत्येक पायरीवर काही खोंड गळतील. सगळेच गळले तर रिकाम्या हातानं परत यायचं.

एका वळूचं कळपात वजन किती

वासराचे निम्मे गुण आईकडून आणि निम्मे बापाकडून येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाय वर्षाला एक वासरू देते आणि वळू त्या वर्षीच्या सगळ्या वासरांचा बाप असतो. घरच्याच कालवडी कळपात ठेवत गेलात तर आज जन्मलेल्या वासरात निम्मा वाटा त्याच्या बापाचा, चौथा हिस्सा आईच्या बापाचा आणि आठवा हिस्सा आजीच्या बापाचा असतो. बेरीज सात अष्टमांश. म्हणजे लागोपाठ तीन वळूंनी तुमचा कळप जवळपास पूर्ण बदलून टाकलेला असतो, मग मूळच्या गायी कितीही चांगल्या असोत.

चारपाच गायीच असतील तर वळू पाळायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कृत्रिम रेतनात मुलींच्या दुधावरून पारखलेल्या वळूची वीर्यमात्रा मिळते आणि वर्षभर एका मारक्या जनावराला चारा घालावा लागत नाही. वळू परवडतो तो गायी जास्त असतील, मोकळ्या चरत असतील, माज ओळखायला माणूस नसेल किंवा रेतनाची सोय लांब असेल तेव्हा.

पहिली पायरी: कळपाला काय कमी आहे ते लिहून काढा

खोंड बघायच्या आधी हे घरी बसून करायचं. दूध कमी आहे की फॅट? कास लोंबते का? गायी वेळेवर माजावर येत नाहीत का? दोन वेतांतलं अंतर लांबतंय का? मांसासाठीचा कळप असेल तर वासरं दूध तोडताना हलकी भरतात का? यातल्या दोन, फार तर तीन गोष्टी निवडा. दहा गुण एकदम सुधारायला निघालात तर प्रत्येक गुणावरचा दाब इतका कमी होतो की कुठंच काही हलत नाही.

सगळे गुण सारख्या जोमानं पुढच्या पिढीत उतरतही नाहीत. दुधातलं फॅटचं प्रमाण साधारण निम्म्यापर्यंत अनुवंशावर ठरतं. दुधाचं प्रमाण २५ ते ३० टक्के. गाय वेळेवर गाभण राहणं मात्र जेमतेम ५ ते १० टक्के. तिथं चारा, खनिजं आणि माज ओळखणारी नजर हेच जास्त चालतं. त्यामुळे गायी उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, म्हणून नवा वळू आणायचा असेल तर आधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा.

वळू पहिलारू कालवडींवर सोडणार असाल तर आणखी एक अट: तो स्वतः जन्मताना हलका असावा आणि त्याची आई विनासायास व्यालेली असावी. जन्माचं वजन बऱ्यापैकी अनुवंशानं येतं. मोठ्या हाडाच्या जातीचा वळू लहान चणीच्या कालवडींवर सोडणं म्हणजे अडलेल्या वितांची रांग लावून घेणं.

दुसरी पायरी: आईची वही

खोंड स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याच्या आईचं दूध विचारलं जातं आणि विकणारा आकडा सांगतो. तो आकडा दिवसाचा सर्वोच्च असतो. तुम्हाला हवं असतं पूर्ण वेताचं दूध, साधारण ३०५ दिवसांचं, आणि तेही त्याच गोठ्यातल्या, त्याच सुमारास व्यालेल्या बाकीच्या गायींशी तुलना करून. भरपूर खुराकावरची गाय आणि नुसत्या चाऱ्यावरची गाय यांचे आकडे शेजारी मांडून काहीच कळत नाही.

आता एक हिशेब करा. खोंडाची आई एका वेतात सोबतच्या गायींपेक्षा १,००० लिटर जास्त देते. अनुवंशाचा वाटा ३० टक्के धरला तर त्यातले सुमारे ३०० लिटर तिच्या रक्ताचे. बाकी खुराक, नशीब, ऋतू. खोंडाला तिचं निम्मं मिळतं, म्हणजे १५०. त्याच्या मुलीला त्याचं निम्मं, म्हणजे ७५ लिटर. हजाराचे पंच्याहत्तर झाले! तीच गाय तीन वेतांच्या सरासरीत १,००० लिटर वर असेल तर अंदाज जास्त भरवशाचा होतो आणि मुलीपर्यंत साधारण ११० लिटर पोचतात. म्हणून एका विक्रमी वेताच्या गायीचा खोंड आणि सलग तीनचार वेतं चांगली दिलेल्या गायीचा खोंड यात मी डोळे झाकून दुसरा घेईन.

बापाची बाजू तितकीच महत्त्वाची आणि तीच बहुधा कोरी असते. खोंडाचा बाप कोण, त्याच्या मुली दुधावर आल्यात का, त्या कशा आहेत, हे विचारा. त्याच बापाच्या पाचसहा मुली प्रत्यक्ष बघायला मिळाल्या तर आईच्या एका वेताच्या आकड्याइतकीच ती माहिती मोलाची आहे. जिथं पैदास मूल्य (वळू पुढच्या पिढीला किती गुण देईल याचा अंदाज) किंवा जनुकीय चाचणीचे आकडे मिळतात तिथं मूल्यासोबत त्याची अचूकता किती तेही बघा. तरुण वळूचं मूल्य पुढं त्याच्या मुली दुधावर आल्या की वरखाली होतं.

आईच्या वहीत दुधाखेरीज हेही शोधा: पहिलं वेत कितव्या महिन्यात, दोन वेतांत किती दिवस, कधी गाभडली का, वार अडकली का, दगडी (कासेची सूज) झाली का. आणि शक्य असेल तर ती गाय डोळ्यांनी बघाच. कास पोटाला घट्ट चिकटलेली आहे की लोंबती, सड सारखे आहेत का, धार काढताना लाथ मारते का. ती विकली, मेली, दुसरीकडे आहे असं उत्तर आलं तर मी खोंडाची किंमत मनात कमी करतो.

नात्यातली गुंतागुंत

बाप-मुलीच्या संकरातून झालेल्या वासरात निकट पैदासीचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदासीचं, प्रमाण २५ टक्के येतं. सावत्र भाऊ-बहीण किंवा आजोबा-नात असेल तर साडेबारा टक्के. नुकसान एकदम दिसत नाही: गर्भ टिकत नाहीत, वासरं अशक्त निघतात, वाढ खुंटते. तुमच्या आधीच्या वळूचा भाऊ किंवा मुलगा म्हणूनच नको, मग तो कितीही देखणा असो.

नावाजलेलं रक्त म्हणजे निर्दोष रक्त, असंही समजू नये. १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा होल्स्टीन वळू दुधाच्या बाबतीत इतका सरस ठरला की त्याच्या १६,००० हून जास्त मुली आणि लाखो नाती झाल्या. पुढं जनुकीय तपासणीत कळलं की तो एपीएएफ१ जनुकातला एक दोष वाहत होता. हा दोष दोन्हीकडून आला की गर्भ पोटातच मरतो. त्यापायी जगभर पाच लाखांहून जास्त गर्भ गेल्याचा अंदाज आहे. तरी दुधातला फायदा मोठा होता म्हणून हिशेब नफ्यातच राहिला, हा भाग वेगळा. जातीसाठी जनुकीय दोषांची चाचणी मिळत असेल तर करून घ्या; एकदाच करावी लागते.

तिसरी पायरी: चालायला लावा

कागदावर टिकलेले खोंड आता बघायचे. दावणीला बांधलेला नाही, मोकळा. सिमेंटवर नाही, मातीवर. मागून बघा, मग बाजूनं. चांगल्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी लगत पडतो. ठसे माती ओलसर असली की स्वच्छ दिसतात. मागचा पाय ठशाच्या बराच अलीकडे पडत असेल तर पाऊल आखूड आहे, कुठंतरी दुखतंय किंवा ठेवणच तशी आहे.

गायीवर चढताना सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. म्हणून मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला थोडा कोन हवा. पाय अगदी सरळसोट असेल तर धक्का पेलणारं काही उरत नाही. असा खोंड तरुणपणी झोकात उभा राहतो आणि चारपाच वर्षांत सांधे सुजून बसतो. कोन फार जास्त, पाय पोटाखाली गेलेला, तेही वाईट. मागून बघताना दोन्ही सांधे आत एकमेकांकडे वळलेले नकोत. खुराची दोन्ही बोटं सारखी आणि सरळ हवीत. एक बोट दुसऱ्यावर पिळून चढलेलं दिसलं तर तो खोंड सोडाच, कारण हा दोष वंशात उतरतो. खूर नुकतेच तासलेले असतील तर का तासले ते विचारा.

बेंबीपाशी फुगवटा म्हणजे बहुधा हर्निया, तोही वंशात उतरू शकतो. शिस्नावरचं कातडी आवरण फार लोंबतं असेल तर काटेकुटे लागून जखमा होतात. वशिंडाच्या काही जातींत ही तक्रार नेहमीची. जबडे एकमेकांवर नीट बसतात का आणि डोळे स्वच्छ आहेत का तेही बघून घ्या, कारण मोकळ्या कळपात वळू माजावरची गाय नजरेनंच हेरतो.

तुकतुकीत, गोल झालेल्या खोंडापासून जरा सावध. १ ते ५ च्या मोजपट्टीवर अंगावर ३ गुणांचं मांस पुरे. खुराकावर फुगवलेल्या खोंडाच्या अंडकोषाच्या मानेत चरबी साठते, वृषण गरम राहतात आणि वीर्य बिघडतं. खूरही आतून सुजतात.

चौथी पायरी: टेप

ही पायरी बहुतेक लोक संकोचापोटी गाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथंच मिळते.

खोंड खोड्यात नीट अडकवून मागून जायचं. थंडीत वृषण वर ओढलेले असतात, म्हणून ऊन पडल्यावर मोजा. एका हातानं अंडकोषाची मान वरून धरून दोन्ही वृषण हलकेच खाली तळाशी आणायचे. अंगठा आणि बोटं मानेच्या दोन बाजूंना ठेवा; दोन वृषणांच्या मध्ये अंगठा घुसला तर ते फाकतात आणि माप खोटं वाढतं. मग सगळ्यात रुंद जागी टेप गुंडाळून कातडीला टेकेल इतपतच ओढायची. दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

युरोपीय जातींसाठी पशुप्रजनन तज्ज्ञांनी ठरवलेली किमान मापं अशी: १५ महिन्यांपर्यंत ३० सेंटिमीटर, १५ ते १८ महिन्यांत ३१, १८ ते २१ मध्ये ३२, २१ ते २४ मध्ये ३३ आणि दोन वर्षांपुढे ३४. वशिंडाच्या जाती उशिरा वयात येतात, त्यामुळे त्याच वयात त्यांची मापं कमी भरतात. तिथं त्याच जातीच्या, त्याच वयाच्या चारपाच खोंडांशी तुलना करायची. कुठल्याही जातीत माप साधारण २८ सेंटिमीटरला पोचलं की खोंड वयात येऊ लागतो, हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

मापाचा संबंध फक्त वीर्याच्या प्रमाणाशी नाही. मोठ्या वृषणांच्या वळूच्या मुली आणि बहिणी लवकर वयात येतात, आणि हे माप ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त अनुवंशानं येतं. कालवडी उशिरा माजावर येतात ही तक्रार असेल तर तिचा एक उपाय या टेपेत आहे.

हात लागलाच आहे तर चाचपूनही घ्या. दोन्ही वृषण जवळपास सारखे, दाबल्यावर किंचित दबून पुन्हा फुगणारे हवेत. लिबलिबीत किंवा दगडासारखा टणक, दोन्ही वाईट. एकच वृषण खाली उतरलेला किंवा एक दुसऱ्यापेक्षा बराच लहान असला तर तिथंच विषय संपला. स्वीडनमधल्या पांढऱ्या डोंगरी जातीत एका बाजूचा वृषण न वाढण्याचा दोष असाच वंशावळीतून पसरला होता.

पाचवी पायरी: डॉक्टर आणि वीर्यतपासणी

आता उरलेल्या खोंडासाठी पशुवैद्य बोलवा आणि प्रजननक्षमतेची पूर्ण तपासणी करून घ्या: आतून हात घालून ग्रंथी, शिस्न बाहेर काढून बघणं आणि वीर्य. शिस्न बघणं टाळू देऊ नका. ते पिळून वाकडं होणं किंवा खालून दोरीसारख्या पडद्यानं बांधलेलं असणं बाहेरून कळत नाही, आणि असा वळू चढतो पण गाय गाभण राहत नाही. वीर्यात किमान ३० टक्के शुक्राणू सरळ पुढं जाणारे आणि किमान ७० टक्के नीट घडणीचे असावेत.

तरुण खोंड पहिल्या तपासणीत नापास झाला तर लगेच हाकलू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, वर आठदहा दिवस ते नळीतून प्रवास करतात. आज दिसणारं वीर्य दोनअडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचं असतं. तेव्हा ताप, लांबचा प्रवास, कडक ऊन झालं असेल तर ते आता दिसतं. साठ दिवसांनी पुन्हा तपासा. उलट बाजूही खरी: आज पास झालेल्या वळूला पुढच्या आठवड्यात सणसणून ताप आला तर तुमचा हंगाम धोक्यात.

एक गोष्ट या तपासणीत कळत नाही, ती म्हणजे इच्छा. वृषणांचा आकार, वीर्याची प्रत, डौलदार मान, यांचा गायीवर जाण्याच्या इच्छेशी संबंध नसतो. ती माजावरची गाय समोर आणूनच कळते. विकणाऱ्याला सांगा, दाखव. सुस्त खोंड वासाकडे ढुंकूनही बघत नाही. नवखा धडपडतो, बाजूनं चढतो, त्याला माफ करा.

रोग: इथं सूट नाही

ब्रुसेला (गाभडवणारा रोग), क्षय, जोन्स (आतड्याचा जुनाट रोग), आयबीआर (नाक-श्वासनळीचा विषाणूरोग), बीव्हीडी (हगवणीचा विषाणूरोग) यांच्या चाचण्या घेऊनच खोंड आणा. ब्रुसेला आणि क्षय माणसालाही होतात. क्षयाची सुई टोचल्यावर सूज ७२ तासांनी बघायची असते, त्यामुळे सकाळी टोचून संध्याकाळी दिलेला दाखला स्वीकारू नका. बीव्हीडीत काही वासरं पोटातूनच विषाणू घेऊन जन्मतात, दिसायला ठणठणीत असतात आणि जन्मभर तो पसरवतात. कानाच्या कातडीच्या नमुन्यावर ते कळतं.

ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे संकरातून पसरणारे दोन रोग वळूला काहीच त्रास देत नाहीत. गायी मात्र उलटतात किंवा लवकर गाभडतात. वयस्क वळूच्या शिस्नावरणात घड्या खोल होतात आणि जंतू तिथं घर करतात. कधीच न वापरलेला तरुण खोंड घेण्याचा हा मोठा फायदा. पण खरंच न वापरलेला का? शेजारच्या गायींवर दोनचार वेळा गेला असेल तर तो न वापरलेला नव्हे, तेव्हा चाचणी करा.

आणल्यावर ३० दिवस वेगळा बांधा. वेगळी गव्हाण, वेगळी बादली, शेवटी त्याच्याकडे जायचं. या काळात जंत, गोचीड, लसी उरकून घ्या आणि ब्रुसेलाची चाचणी पुन्हा करा.

स्वभाव

मारकेपणा काही अंशी वंशात असतो आणि बराचसा पाळण्यात. एकटं, बाटलीवर, माणसांच्या लाडात वाढलेलं गोऱ्हं मोठं झाल्यावर माणसाला आपल्यातला प्रतिस्पर्धी समजतं. सोबतच्या गोऱ्ह्यांत वाढलेलं तितकं अंगावर येत नाही. लहान पाड्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळणाऱ्या घरचा खोंड मी घेत नाही. बघायला जाल तेव्हा कुंपणाबाहेर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. जवळ गेल्यावर शांतपणे बाजूला होणारा चांगला. मान खाली घालून, आडवा उभा राहून आपली पूर्ण बाजू दाखवणारा, पायानं माती उकरणारा धमकी देतोय. दुधाळ जातींचे वळू दीडदोन वर्षांनंतर अचानक बदलतात, त्यामुळे गरीब आहे या भरवशावर कधीच पाठ फिरवू नका आणि मुलांना पाठवू नका.

पहिला हंगाम

तरुण वळूला किती गायी द्यायच्या याचा ढोबळ नियम: वय जितके महिने, साधारण तितक्या गायी, वरची मर्यादा २५ ते ३०. म्हणजे १५ महिन्यांच्या खोंडाला पंधराच्या आसपास, त्याहून कमी दिल्या तर बरंच. त्याच्या सोबत जुना वळू ठेवू नका. जुना दादागिरी करतो, स्वतः निकामी झाला असला तरी नव्याला जवळ येऊ देत नाही. हंगामात तरुण वळू झपाट्यानं उतरतो, कारण तो खायचं विसरतो आणि त्याची स्वतःची वाढही चालू असते. खुराक तोडू नका.

पहिल्या आठवड्यात तो खरोखर गायीवर जातो का ते स्वतः बघा आणि तारखा लिहा. गाय माजावर परत यायची तर १८ ते २४ दिवसांत येते. बऱ्याच गायी याच अंतरानं उलटल्या तर वळूचं वीर्य पुन्हा तपासा. महिना-दीड महिन्यानं, वेड्यावाकड्या अंतरानं उलटत असतील तर गर्भ राहून मरताहेत. तेव्हा वर सांगितलेल्या दोन रोगांचा संशय आधी घ्या. दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या म्हणजे रिकाम्या गायी वर्षभर पोसाव्या लागत नाहीत.

वासरं झाली की वजन, वितं सोपी गेली का, कुणात व्यंग आहे का, याची वेगळी यादी वळूच्या नावानं ठेवा. एखादं व्यंग दोनतीन वासरांत सारखंच दिसलं तर वळू लगेच बंद. नाही दिसलं तरी त्याला कळपातून काढायची तारीख आजच ठरवून ठेवा: त्याच्या पहिल्या मुली माजावर येण्याआधी. लवकर वयात येणाऱ्या जातींत पोटातले नऊ महिने आणि वरचं एक वर्ष धरलं तर ही मुदत पहिल्या संकरापासून जेमतेम पावणेदोन वर्षांची आहे, वशिंडाच्या जातींत आणखी वर्षभर मिळतं. तोपर्यंत दुसरा खोंड वह्यांत शोधायला लागलेलं बरं, कारण घाईत घेतलेला वळू बहुतेक वेळा तोंड बघूनच घेतला जातो.